माणशी आकडा

बेबीनंदा खरातचं नाव फळ्यावर पहिलं आलं, तेव्हा टेबलावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. बेबीनंदानं आधी मागं वळून पाहिलं, मग परत फळ्याकडं. नाव तिचंच होतं. पण एवढं काम आपल्या हातून झालंय, हे तिच्या मनाला काही पटेना.

फळा म्हणजे भिंतीवर लावलेला मोठा टीव्ही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत ती बी निवडायचं काम करते. कारलं, दोडकं, भेंडी, मिरची, जो हंगाम असेल त्याचं बी. यंत्रातून साफ होऊन आलेलं बी टेबलावर पसरायचं, फुटकं, काळपट, पोचट असेल ते बोटानं बाजूला सारायचं, चांगलं ट्रेमध्ये भरायचं. टेबलाच्या टोकाला काटा असतो आणि त्याच्या बाजूला खिळ्यांवर प्रत्येकीचं कार्ड टांगलेलं. ट्रे काट्यावर ठेवला आणि आपलं कार्ड दाखवलं की वजन आपल्या नावावर चढतं, आणि नाव फळ्यावर वरखाली होतं. कार्ड घरी न्यायचं नाही, जेवायला जातानाही न्यायचं नाही, असा नियम.

"बेबे, पेढे दे आता," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

पेढ्यांचं नाव तिला नकोसं होतं. त्याला कारण होतं.

तिचा नवरा धम्मपाल सळईच्या कारखान्यात चिमट्यावर होता. भट्टीतून लालबुंद होऊन आलेली सळई पळत्या सापासारखी अंगावर येते. ती चिमट्यात पकडून, वळवून पुढच्या रोलात घालायची. असं काम त्यानं तरुणपणापासून केलं. हातापायांवर भाजल्याचे डाग आहेत, तरी त्या कामाचा त्याला अभिमान होता. एका वर्षी कारखान्यानं मालाचा विक्रम केला. मालकानं स्वतः खाली येऊन कामगारांना पेढे वाटले. धम्मपालनं आपला पेढा कागदात बांधून घरी आणला होता. त्याच महिन्यात सळई आपोआप वळवणारी नवी लाइन आली आणि चिमट्यावरची माणसं घरी गेली. कारखाना मात्र आधीपेक्षा जोरात चालला. धम्मपाल आता शेअर रिक्षा चालवतो. तेव्हापासून कुणी कामाची तारीफ केली की बेबीनंदा आधी तारीफ करणाऱ्याचं तोंड बघते. घरचे तिला संशयी म्हणतात. ती म्हणते, "हाय मी संशयी. पेढे खाऊन झाले."

कंपनीत तिला चिकटवलं ते तिच्या धाकट्या भावानं, संपतनं. मंठ्याच्या पुढं एका खेड्यात त्यांचं माहेर. आई लोकांच्या शेतात कामाला जायची, आणि संपत बेबीनंदाच्या कडेवर वाढला. लग्न होऊन ती जालन्यात आली, तेव्हा एका खोलीच्या संसारातही तिनं त्याला शिकायला आणून ठेवलं. बारावी झाला, कंपनीत लागला, वाढत वाढत सुपरवायझर झाला. घरी तो तिला अक्का म्हणतो. कंपनीत मात्र "बेबीनंदाबाई" म्हणून हाक मारतो, आणि ती त्याला "सर" म्हणते. दोघांनाही त्याचं कधी हसू येतं.

फळा लावला त्या दिवशी तृप्ती मॅडमनी सगळ्या बायांना एकत्र बोलावलं होतं. तृप्ती मॅडम कंपनीच्या अधिकारी, वयानं लहान, शेतीचं शिक्षण घेतलेल्या, अंतरवाली सराटीकडच्या शेतकरी घरातल्या. आवाज गोड. बायांच्या लेकरांची नावं त्यांना पाठ असायची. बेबीनंदाला त्यांचं हे नावं पाठ असणंच खटकायचं.

"आपलं राज्य मोठं व्हायचं तर काय व्हायला पाहिजे?" मॅडमनी विचारलं होतं. मग स्वतःच सांगितलं. "प्रत्येक माणसाच्या हातून जास्त माल निघायला पाहिजे. कंपनीतून बाहेर पडलेला एकूण माल घ्यायचा आणि काम करणाऱ्या माणसांच्या संख्येनं भागायचा. येतो तो माणशी आकडा. हा आकडा वाढला की कंपनी वाढते, कंपन्या वाढल्या की राज्य वाढतं, आणि राज्य वाढलं की तुमच्या घरापर्यंत ते येतं. हंगामभर ज्या पुढं राहतील त्यांना कंपनी कायम करणार आहे."

कायम म्हटल्यावर बाया सावरून बसल्या. सगळ्या वर्षा-वर्षाच्या करारावर होत्या.

बेबीनंदानं उभं राहून विचारलं, "मॅडम, मंग माणसं कमी करणार का?"

"नाही. मी शब्द देते."

"तुम्ही देता. तुमच्या वरचे देतेत का?"

बाया हसल्या, मॅडमही हसल्या आणि फळ्याकडं वळल्या.

आणि आता बेबीनंदाच पहिली. एक दिवस नाही, रोज. बेबीनंदा जोरात काम करते हे खरं होतं, पण तिच्याहून चपळ हाताच्या दोघीतिघी होत्या, हे तिला आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातल्या टाळ्या पुढं थांबल्या. चहाच्या सुट्टीत तिच्याजवळ बसणाऱ्या बाया हळूहळू दुसऱ्या बाकाकडं सरकल्या. ती जवळ गेली की बोलणं बंद व्हायचं. एकदा तिच्या कानावर आलं, "भाऊ सुपरवायझर असल्यावर काय, हात न हलवताबी नंबर येतो."

बेबीनंदा चिडली नाही, कारण तेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं. पण तिनं ते झटकलं. संपत असं करणार नाही. तिचा संशय वरच्यांवर होता. तिला वाटलं, हा धम्मपालच्या कारखान्यासारखाच डाव आहे. एकीला वर चढवायचं, तिच्याएवढं काम सगळ्यांकडून मागायचं, आणि जिला जमणार नाही तिला करार संपला म्हणून घरी बसवायचं. आपल्याला काठी करून हे बाकीच्यांना हाणणार. मग तिनं मुद्दाम हळू काम करून पाहिलं. फळ्यावर तरीही ती पहिलीच.

घरी तिनं धम्मपालला सांगितलं. तो रिक्षाची सीट पुसत होता.

"मशीन बिघडलं असंल," तो म्हणाला.

"बिघडलं असतं तं कधी दुसरीचंबी नाव वर गेलं असतं. माहंच काहून?"

धम्मपालनं फडकं पिळलं. "आमच्या कारखान्यातबी शेवटच्या महिन्यात सगळे लई गोड बोलत होते," एवढंच बोलला.

थंडी सरता सरता तिच्या आईच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. एके दिवशी दुपारची रजा टाकून ती आईला मंठ्याला डॉक्टरकडं घेऊन गेली. परतायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीत शिरते तर तृप्ती मॅडम दारातच उभ्या.

"अभिनंदन! काल तर तुम्ही कमाल केली. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा तुमचा."

"काल?"

"हो, काल."

बेबीनंदाच्या तोंडाशी आलं होतं, की काल दुपारी मी मंठ्यात होते. पण तिनं ते गिळलं. मॅडमना माहीत नाही, की माहीत असून ही बाई काय बोलते ते बघतायत? गेटवरच्या माणसानं तर तिचं जाणं लिहून घेतलं होतं. ती नुसती मान हलवून आत गेली. टेबलावर बसण्याआधी तिनं खिळ्यावरचं आपलं कार्ड निरखून पाहिलं. मशीन बिघडलेलं नाही. कुणीतरी आपलं कार्ड हातात घेऊन काट्याजवळ उभं राहतं. आपण नसताना.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या उठल्या, तेव्हा तिनं खिळ्यावरचं कार्ड काढलं आणि पदराआड लपवलं. मग डबा घेऊन बाहेर गेली, पण भिंतीच्या कडेला अशी बसली की खिडकीतून टेबल दिसावं. डबा मांडीवर उघडा ठेवून ती बघत राहिली.

थोड्या वेळानं मागच्या दारानं दोन हमाल ट्रे लादलेली गाडी ढकलत आले. त्यांच्यामागं संपत. संपत सरळ तिच्या टेबलाच्या काट्याजवळ गेला. खिळ्याकडं हात नेला. खिळा रिकामा. त्यानं खाली वाकून पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, बाजूच्या खिळ्यांवरची कार्डं उलटीसुलटी केली. मग हमालांना थांबा म्हणून खुणावलं आणि घाईघाईनं बाहेर आला. ती दिसताच थबकला.

"बेबीनंदाबाई, तुमचं कार्ड कुठंय?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी ढेकळात पडून रडवेला झाला की दिसायचा तसा चेहरा झाला होता त्याचा.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "कार्ड दे. जल्दी."

"ते ट्रे कुठून आले, संपत?"

"नंतर सांगतो. आधी कार्ड दे."

तिनं कार्ड दिलं नाही. डबा झाकला, उठली, आणि हमाल ज्या दारानं आले होते त्या दारानं चालू लागली. संपत मागून "अक्का, तिकडं जाऊ नको" म्हणत राहिला, पण आवाज वाढवायची त्याला सोय नव्हती.

गोदामाच्या मागं एक पत्र्याचं शेड आहे हे बायांना माहीत होतं. तिथं खराब माल ठेवतात, असं त्यांना सांगितलेलं. बेबीनंदानं अर्धवट उघडं दार ढकललं. आत उन्हानं तापलेला पत्रा आणि पंखा एकच, तोही दाराशी. जमिनीवर ताडपत्र्या टाकून बाया ओळीनं बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर सूप, कुणाच्या पुढ्यात परात. सगळ्या बी निवडत होत्या. तेच कारल्याचं बी, तसेच ट्रे. फक्त टेबलं नव्हती, काटा नव्हता आणि भिंतीवर फळा नव्हता.

कडेला बसलेल्या एका म्हातारीनं मान वर केली. "बेबी? तू इथं कशी गं?"

त्या उषाबाई होत्या, तिच्या माहेरच्या. आई शेतावर गेली की उषाबाईच बेबीनंदा-संपतला आपल्या घरी जेवू घालायच्या. बेबीनंदा त्यांना मावशी म्हणायची.

"मावशी, तुम्ही इथं कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून येऊन राह्यलो. ठेकेदाराचा टेम्पो येतो गावात. मागच्या गेटानं आत घेतो, मागच्याच गेटानं बाहेर सोडतो. संपतनंच लावून दिलं ना." उषाबाईंनी परातीतलं बी चाळलं. "तुला बोलला न्हाई का?"

"न्हाई. तुम्हाला कार्ड हाय का मावशी?"

"कसलं कार्ड? आमचं नाव कुठंच न्हाई बाई. ठेकेदार तोंड ओळखतो, तेवढंच." मग त्यांनी आवाज उतरवला. "पुढं तुमच्याकडं कोण्या एका बाईचा रोज पहिला नंबर येतो म्हणे. ठेकेदार सांगत होता, तिच्यावानी हात चालवा. कोण गं ती?"

बेबीनंदानं पदरातलं कार्ड घट्ट धरलं आणि "पाहते," एवढंच म्हणून बाहेर आली.

त्या संध्याकाळी ती संपतच्या घरी गेली. त्याची बायको चहा ठेवायला आत गेली, तशी बेबीनंदा म्हणाली, "बोल."

संपतनं आधी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"वरून हुकूम हाय," तो म्हणाला. "शेडातल्या बाया ठेकेदाराच्या, कंपनीच्या न्हाईत. म्हणून कामगारांच्या संख्येत त्या धरायच्या न्हाईत. पण माल तं कंपनीचाच हाय, तो धरायचा. तो पुढच्या बायांच्या कार्डावर चढवायचा. माल वाढला, माणसं तेवढीच. माणशी आकडा बराबर वर जातो."

"आणि माह्याच कार्डावर काहून?"

त्यानं आत चहा ठेवणाऱ्या बायकोकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "कोण्या कार्डावर चढवायचं ते माह्यावर सोडलं होतं. मंग दुसरीच्या काहून चढवू? जी पहिली येईल तिला कायम करणारेत, अक्का. तू मला जालन्यात आणलं, शिकवलं. दाजींचं काम गेलं. मला वाटलं, तुला एकदा कायम करून टाकावं."

"मला विचारलं?"

"विचारलं असतं तं तू न्हाई म्हणली असतीस."

"मंग?"

संपतनं मान खाली घातली. राग कुठं काढावा, हे बेबीनंदाला समजेना. गेले किती दिवस ती मॅडमचं तोंड बघत होती, वरच्यांचं बघत होती, टेबलावरच्या बायांचं बघत होती. एक याचंच बघितलं नव्हतं. आणि त्यानं केलं ते तिच्यासाठीच केलं, हे तर आणखीच वाईट होतं.

"उषामावशीचं काम तू माह्या नावावर चढवलं," ती म्हणाली. "जिच्या घरी आपण जेवलो तिचं."

"त्यांना तं काम मिळालं ना? गावात बसून काय करणार होत्या?"

आतून चहा आला. तिनं घेतला नाही.

दोन दिवसांनी नोटीस लागली. राज्याच्या वाढीचा अभ्यास करणारी काही मंडळी मुंबईहून कंपनी पाहायला येणार होती. त्यांच्यासमोर बेबीनंदा खरात यांचा सत्कार होणार, शाल आणि कायम नोकरीचं पत्र देणार. बेबीनंदा तृप्ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. फक्त संपतचं नाव तेवढं घेतलं नाही.

मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते बेबीनंदाला वाचता आलं नाही.

"तुम्हाला हे म्हाईत होतं का, मॅडम?"

"शेडात माणसं आहेत हे माहीत होतं. ती ठेकेदाराची आहेत. त्यांचा माल कुठं धरतात, हे माझ्याकडं येत नाही. माझ्याकडं तयार आकडा येतो." मग त्या उठून खिडकीशी गेल्या. "बेबीनंदाताई, कार्यक्रम होऊ द्या. पाहुणे गेले की मी वर बोलते. तुमचं पत्र तरी हातात पडेल."

"आणि मावशीचं?"

"बोलते म्हणाले ना मी."

बेबीनंदा बाहेर आली ती एकच विचार करत. ही खरंच बोलणार आहे, की पत्र देऊन माझं तोंड बंद करणार आहे? मॅडमचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. म्हणूनच तिला त्यावरून काही ठरवता येईना.

सत्काराच्या सकाळी धम्मपालनं रिक्षा कंपनीच्या पुढच्या गेटाकडं वळवली. तिनं त्याला थांबवलं. "मागून घे."

"मागं काय?"

"टेम्पो येतो तिकडं सोड मला."

धम्मपालनं तिच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा वळवली. टेम्पोतून उतरणाऱ्या बायांच्या घोळक्यात ती मिसळली आणि आत गेली. ठेकेदाराचा माणूस तोंडं बघत होता, पण नवी साडी पाहून ही कंपनीतलीच कुणी असेल, असं त्याला वाटलं असावं. उषाबाईंनी सरकून तिला ताडपत्रीवर जागा दिली.

"आज तं तुझा सत्कार हाय म्हणे. ती तूच होय?"

"हाव मावशी. मीच ती."

उषाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी आपल्या परातीतलं बी पुढं निवडायला घेतलं. बेबीनंदानंही एक परात ओढली. तिला वाटलं होतं, इथं येऊन बसलं की बरं वाटेल. पण शेजारच्या बाया आपसांत कुजबुजत होत्या, आणि त्यांच्या नजरा तिच्या नव्या साडीवरून फिरत होत्या. कंपनीनं आपल्यावर पहारा ठेवायला हिला पाठवलं असंल, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं तिनं ऐकलं.

पुढं माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं. पत्र्याच्या भिंतीतून ते फाटल्यासारखं ऐकू आलं. परत पुकारलं. मग पळापळ सुरू झाल्याचे आवाज. थोड्या वेळानं शेडाचं दार उघडलं आणि तृप्ती मॅडम आत आल्या. त्यांच्यामागं संपत. आणि त्या दोघांच्या मागून चालत आलेले एक वयस्कर पाहुणे, खांद्याला कापडी पिशवी.

"बेबीनंदाताई, काय हे? चला!" मॅडमचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "समदे थांबलेत तिकडं!" घाईत त्यांची गावाकडची बोली बाहेर पडली.

बेबीनंदा उठली नाही.

पाहुण्यांनी शेडभर नजर फिरवली. ताडपत्र्या, पराती, बायांच्या केसांवर बसलेली पांढुरकी धूळ. "या कोण?" त्यांनी विचारलं. आवाजात दरारा नव्हता, सहज विचारलं.

मॅडमनी मागं वळून संपतकडं पाहिलं. ठेकेदाराचा माणूस पुढं झाला, "या आपल्या... साफसफाईच्या..."

"कामगार हायेत, साहेब," संपत म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. बेबीनंदाही.

"बी निवडतेत. पुढं फळ्यावर जो आकडा तुम्ही पाहिला, त्यातलं लई काम यांचं हाय. संख्येत यांना धरलेलं न्हाई. माल मी चढवला. माह्या बहिणीच्या कार्डावर. तिला म्हाईत नव्हतं."

पाहुण्यांनी काही लिहून घेतलं नाही, कुणाला रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. पुढं जेवणं झाली. सत्कार झाला नाही. तब्येत बरी नसल्यामुळे बेबीनंदाबाई येऊ शकल्या नाहीत, असं माइकवरून सांगण्यात आलं.

नंतर जे झालं त्यात चांगलं-वाईट वेगळं काढणं अवघड आहे. संपतचं सुपरवायझरपद गेलं. त्याला गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर टाकलं. घरी बसवलं नाही, कारण त्याला बाहेर काढला तर तो बाहेर जाऊन आणखी बोलेल, अशी वरच्यांना भीती असावी, असं बेबीनंदाला वाटतं. शेड बंद झालं. त्यातल्या निम्म्या बायांना कार्डं देऊन पुढच्या टेबलांवर आणलं. बाकीच्यांचा टेम्पोच आला नाही. त्यात उषाबाई होत्या. वय जास्त, असं ठेकेदारानं सांगितलं. माणशी आकडा धाडकन खाली आला आणि पुढं तो फळ्यावर दाखवणंच बंद झालं. बेबीनंदाचं पत्र कंपनीच्या कपाटातच राहिलं. तिचा करार मात्र त्यांनी पुन्हा वर्षभरासाठी वाढवला. का वाढवला, हे तिला अजून कळलेलं नाही, आणि न कळलेली गोष्ट ती सुखानं घेऊ शकत नाही.

टेबलावरच्या बाया परत तिच्या बाकावर बसू लागल्या. कार्ड मिळालेल्या शेडातल्या बाया मात्र लांबच बसतात. आपल्या मैत्रिणी हिच्यामुळे घरी बसल्या, असं त्या म्हणतात, आणि बेबीनंदा ते ऐकून घेते. तृप्ती मॅडम भेटल्या की अजूनही लेकरांची चौकशी करतात. त्या दिवशी त्या पाहुण्यांना आपणच मुद्दाम मागं येऊ दिलं होतं, असं मॅडमनी एकदा दबक्या आवाजात तिला सांगितलं. खरं असेल. नसेलही. बेबीनंदा "बरं झालं मॅडम" म्हणाली आणि मनात ते बाजूला ठेवून दिलं.

संपत काही दिवस तिच्या घरी फिरकला नाही. शेवटी धम्मपाल रिक्षा घेऊन गेला आणि त्याला आणलं. जेवताना दोघं मेहुणे कारखान्यांच्या गप्पा मारत बसले. संपतच्या तळहातांना फोड आले होते. बेबीनंदानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "त्या दिवशी बोलला ते बरं केलं."

"तू तिथं बसली नसतीस तं बोललो नसतो," तो म्हणाला. दोघांनी तो विषय तिथंच सोडला.

उन्हाळ्यात एका रविवारी ती उषाबाईंना भेटायला गेली. उषाबाई आता मंठ्याच्या बाजारात एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात देठ खुडायला जातात. लिंबाखाली वाळल्या मिरच्यांचा ढीग होता आणि त्याभोवती बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. बेबीनंदाला खोकला लागला. उषाबाईंनी तिला पाणी दिलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. आईच्या डोळ्यांचं, गावातल्या लग्नाचं.

मग उषाबाई म्हणाल्या, "बेबी, मला घरी बसवलं ते कंपनीनं का तू, हे मी अजून ठरवलं न्हाई बघ."

"मलाबी ठरवता येईना, मावशी."

उषाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. तिचं तोंड खरं बोलतंय का, ते बघत असाव्यात. मग त्यांनी हातानंच ढिगातला थोडा भाग तिच्या बाजूला सरकवला.

"मंग बस. पदर बांध तोंडाला, आणि खुड."